डबा गेटवरच राहिला

मे महिन्यातला रविवार होता. महामार्गालगतच्या एका वॉटर पार्कच्या गेटवर आम्ही पाच जण उभे होतो: मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. गेटपाशी एक लांब टेबल मांडलेलं होतं आणि त्यावर डबेच डबे. स्टीलचे, प्लास्टिकचे, एक जुना चार खणांचा कडीचा डबा, फॉइलमध्ये गुंडाळलेले पराठे, कुणाची तरी फडक्यात बांधलेली पुरचुंडी. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने लिहिलेला नंबर. सुरक्षारक्षक मुलगा विशीतला असेल. सासूबाईंच्या हातातली पिशवी बघून म्हणाला, "मावशी, डबा इथंच ठेवायचा. टोकन घ्या, जाताना मिळेल."

तो उद्धटपणे बोलला नाही. सकाळपासून शंभर माणसांना त्याने हेच सांगितलं असणार. पण आई पहाटे पाचला उठल्या होत्या. दह्यात पीठ मळून धपाटे केले होते, शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधून घेतली होती. त्यांना मधुमेह आहे, एक वाजता पोटात काही जावंच लागतं. त्यांनी काही न बोलता डबा टेबलावर ठेवला आणि टोकन पदराच्या टोकाला बांधलं.

आत गेल्यावर जे व्हायचं ते झालं. आई पाण्यात पाय बुडवणार नव्हत्या, तरी त्यांचं तिकीट पूर्ण. धाकटा आठच वर्षांचा, पण अंगाने उंच. उंचीच्या पट्टीवर दोन बोटं वर गेला आणि त्याचं अर्धं तिकीट पूर्ण झालं. पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे सक्तीचे, ते भाड्याने. लॉकरचं भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं. जेवण आतल्याच हॉटेलात, कारण दुसरीकडे जाण्याची सोयच नाही. संध्याकाळी टोकन देऊन डबा परत घेतला तेव्हा दिवसभराच्या उन्हात धपाटे आंबले होते. रात्री नवऱ्याने मोबाईलवर बेरीज केली. जाण्यायेण्यासकट सात हजार आठशे. आमच्या घरचा महिन्याचा किराणा एवढ्यात येतो.

त्या पार्कवाल्यांशी मला भांडायचं नाही. त्यांचा धंदा आहे, गुंतवणूक आहे, शनिवार-रविवारच्या गर्दीवरच त्यांना पावसाळा काढायचा असतो. मला वेगळाच प्रश्न पडला आहे आणि तो गेलं वर्षभर डोक्यातून जात नाही. आम्हाला तिथे जावं का लागलं? पाच माणसांच्या घराने, ज्यात एक म्हातारी आणि दोन पोरं आहेत, एक अख्खा दिवस घराबाहेर, झाडाखाली, पंगत मांडून काढायचा म्हटलं तर आमच्या डोंबिवलीपासून दोन तासांच्या अंतरात अशा जागा किती उरल्या आहेत? आणि ज्या उरल्या आहेत तिथपर्यंत पोचायला किती पैसे पडतात?

महागाईबद्दल आपण नेहमी एका नगाच्या भावात बोलतो. रिक्षा तीन रुपयांनी वाढली, बस पाच रुपयांनी वाढली. एकट्या माणसाला ते झेपतं. घराला मात्र तो प्रत्येक आकडा पाचाने आणि जाऊन-येऊन दहाने गुणावा लागतो. रिक्षात तीनच माणसं बसतात, म्हणजे आम्हाला दोन रिक्षा लागतात. मेट्रोत अर्धं तिकीट नाहीच. मूल नव्वद सेंटिमीटरच्या वर गेलं की मोठ्या माणसाएवढे पैसे. नव्वद सेंटिमीटर म्हणजे बालवाडीतलं पोर. ऑफिसला एकट्याने जाणारा माणूस डोळ्यासमोर ठेवून आपल्याकडच्या प्रवासाचे दर ठरतात. रविवारी त्याच माणसासोबत त्याचं घर येतं, तेव्हा दर तेच राहतात.

आता २०२४ आणि २०२५ मध्ये काय काय झालं ते ओळीने बघू. ओळीने बघितल्याशिवाय त्यातली गोष्ट दिसत नाही.

मार्च २०२४ मध्ये मुंबईचा सागरी किनारा मार्ग सुरू झाला. महापालिकेने हजारो कोटी खर्चून बांधलेला रस्ता. त्यावर टोल नाही. दुचाकीला आणि रिक्षाला तिथे बंदी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. ऐरोली, वाशी, दहिसर आणि मुलुंडचे दोन नाके. गाडीमागे ४५ रुपये वाचले. मग २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. एक फेब्रुवारीपासून मुंबई परिसरात रिक्षाचं पहिलं भाडं २३ वरून २६ झालं, टॅक्सीचं २८ वरून ३१. आणि ९ मे २०२५ ला, ऐन उन्हाळी सुट्टीत, बेस्टचं किमान तिकीट पाचावरून दहावर गेलं, एसी बसचं सहावरून बारावर. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, एक जूनला, पुण्यात पीएमपीचंही किमान तिकीट पाचाचं दहा झालं.

स्वतःची गाडी असलेल्या घराला रविवारी मुंबईत शिरणं स्वस्त झालं. गाडी नसलेल्या घराला चार-साडेचार महिन्यांत एसटी, रिक्षा, टॅक्सी आणि बस, सगळंच महागलं. दोन्ही निर्णय सरकारी यंत्रणांचेच. जगातल्या तेलाच्या भावाने ते केले नाहीत, डॉलरने केले नाहीत. टोल माफ करायला पैसे होते आणि बसचं तिकीट पाच रुपयांवर ठेवायला नव्हते, हे मला पटत नाही. टोलमाफीचं मी वाईट म्हणत नाही. माझ्या भावाकडे गाडी आहे, त्यालाही हप्ते आहेत. पण रस्त्यावर माणसांना सूट देताना आधी बसमध्ये उभ्या असलेल्याचा नंबर लागायला हवा होता.

बेस्ट तोट्यात आहे, हे मला माहीत आहे. २०१९ मध्ये किमान तिकीट आठावरून पाचावर आणलं तेव्हा प्रवासी वाढले होते, हेही माहीत आहे. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. एवढ्या मोठ्या ताटात बससाठी थोडं जास्त वाढता आलं असतं. आणि ही भाडेवाढ झाली तेव्हा महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. ज्याला दारात जाऊन मतं मागायची आहेत त्याने पाचाचे दहा करताना निदान एकदा विचार केला असता, अशी माझी समजूत आहे.

ही समजूत हवेतली नाही. राणीच्या बागेचं उदाहरण माझ्यासमोर आहे.

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचं तिकीट वर्षानुवर्षं मोठ्यांना पाच आणि लहानांना दोन रुपये होतं. म्हणजे चौघांचं घर चौदा रुपयांत आत. २०१६ मध्ये सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले, पुढच्या वर्षी ते लोकांना बघायला मिळाले आणि १ ऑगस्ट २०१७ पासून तिकीट मोठ्यांना ५०, लहानांना २५ झालं. दरवाढ प्रचंडच होती, तेव्हा महापालिकेत निवडून आलेले नगरसेवक होते आणि तिच्यावर बरीच वादावादी झाली. पण त्याच निर्णयात एक शहाणपणाची गोष्ट होती: आई, बाप आणि दोन मुलं मिळून शंभर रुपये. सुट्या भावाने दीडशे झाले असते. कुठल्या तरी टेबलावर कुणाला तरी सुचलं की इथे लोक एकेकटे येत नाहीत, घर येतं, आणि घराचा भाव वेगळा असायला हवा. मला तो शंभर रुपयांचा कौटुंबिक दर पेंग्विनपेक्षा मोलाचा वाटतो.

आम्ही राणीच्या बागेत जातो तेव्हा डोंबिवलीहून लोकलने भायखळा, दुसऱ्या वर्गाचं तिकीट दहा-पंधरा रुपयांच्या घरातलं, आणि स्टेशनवरून चालत. वॉटर पार्कच्या दिवशी एकट्या धाकट्यावर जेवढे गेले त्याच्या निम्म्यातही सगळं घर हिंडून येतं. यातला एकच अडसर सांगते. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक हमखास रविवारी, बहुतेक वेळा सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होऊन दुपारी साडेतीन-चारला संपणारा. रुळांची दुरुस्ती करायलाच हवी आणि ती रविवारी करावी लागते, हे समजतं. पण त्या चार-पाच तासांत गर्दीने भरलेल्या धीम्या लोकलमध्ये म्हाताऱ्या माणसाला आणि कडेवरच्या पोराला घेऊन चढणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. ब्लॉकच्या दिवशी त्याच मार्गावर जास्तीच्या बस सोडणं जमायला हवं. सगळ्या यंत्रणांच्या लेखी रविवार रिकामा दिवस असतो. आमच्यासाठी सगळं घर एकत्र बाहेर पडू शकेल असा तेवढाच एक दिवस असतो.

एसटीने मात्र नकळत फार चांगली गोष्ट केली आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत, मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. मुलांना अर्धं तिकीट पूर्वीपासूनच. आमच्या घराचा हिशोब करा. सासूबाई ७६ वर्षांच्या, त्यांचं शून्य. माझं अर्धं, दोन मुलांची अर्धी-अर्धी, नवऱ्याचं पूर्ण. पाच माणसं अडीच तिकिटांत. भाडेवाढ होऊनही पाच जणांच्या घराला लाल एसटी स्वस्तच पडते. बायकांच्या अर्ध्या तिकिटाची टिंगल करणारे मी पुष्कळ ऐकले आहेत. त्यांना माझं सांगणं आहे की आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका त्या अर्ध्या तिकिटावर पहिल्यांदा कुणाची परवानगी न मागता माहेरी, देवाला, समुद्रावर गेल्या. जे एसटीला जमलं ते बेस्टला, पीएमपीला, मेट्रोला जमणार नाही असं नाही. पुणे मेट्रोत शनिवार-रविवारी सरसकट ३० टक्के सूट आहे. रिकाम्या डब्यांपेक्षा भरलेले डबे बरे, एवढा साधा हिशोब त्यामागे आहे. मग रविवारी बेस्टचा एक कौटुंबिक दिवसभराचा पास का असू नये? दोन मोठी माणसं, घरातली मुलं, एक आजी किंवा आजोबा, एक ठरावीक रक्कम, दिवसभर कुठेही चढा-उतरा. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना चार आणि सात दिवसांची आहे आणि कित्येक वर्षं चालली आहे. तीच कल्पना एका दिवसासाठी, एका शहरापुरती.

तिकीट स्वस्त ठेवूनही सहल महाग कशी होते, ते घारापुरीला दिसतं. लेणी जागतिक वारसा आहेत. पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. २०१६ पर्यंत ते दहा रुपये होतं. चौपट झालं, तरी मी ते महाग म्हणणार नाही. पण गेटवेहून जाऊन-येऊन लाँचचं तिकीट माणशी अडीचशेच्या पुढे. उतरल्यावर धक्क्यापासून छोट्या गाडीचे पैसे, ग्रामपंचायतीची पावती, मग शंभरावर पायऱ्या आणि ज्याला चढवत नाही त्याला डोली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. त्रिमूर्तीसमोर उभं राहायला चाळीस रुपये पुरतात, पण त्रिमूर्तीपर्यंत पोचायला घराला हजार-दीड हजार लागतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई मुंबईच्या या बाजूला पंचवीस वर्षं राहतात. त्यांच्या मुलाला शाळेत घारापुरीवर प्रश्न आला होता. त्याने उत्तर बरोबर लिहिलं. लेणी त्याने पाहिलेली नाहीत.

मल्टिप्लेक्सबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मी थोडक्यात सांगते. २०१८ मध्ये आपल्या राज्यात बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देणार अशी घोषणा विधिमंडळात झाली होती, ती तशीच विरली. ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चित्रपटगृह ही मालकाची खासगी जागा आहे, बाहेरचं अन्न अडवण्याचा त्याला हक्क आहे. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत द्यायला हवं आणि तान्ह्या मुलांसाठी आईबापांनी आणलेलं अडवता कामा नये. कायद्याचा निर्णय म्हणून मी तो मानते. पण त्यातली दुसरी बाजू, पाण्याची आणि तान्ह्या बाळाची, किती लोकांना माहीत आहे? ती गेटवर मोठ्या अक्षरात का लिहिलेली नसते? आणि माझ्या सासूबाईंसारखं मधुमेहाचं माणूस तान्ह्या बाळापेक्षा फार वेगळं नाही. त्याची भूकही वेळेची असते. राज्य सरकारने ठरवलं तर वॉटर पार्क, थीम पार्क, मोठी करमणुकीची ठिकाणं यांच्या परवान्यातच ही अट घालता येईल. सरकारला त्यात बोलायचा अधिकार नक्की आहे. या पार्कच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. आम्ही फाटकावर मोजलेल्या पैशांतला वाटा सरकारच्याही तिजोरीत गेला आहे.

आता मी ज्या जागेबद्दल सगळ्यात जास्त कळकळीने सांगणार आहे ती जागा म्हणजे बाग. कोपऱ्यावरची, महापालिकेची, बिनतिकिटाची बाग.

आमच्या आधीच्या पिढ्यांच्या नगरपालिका-महापालिका गरीब होत्या, पण त्यांनी मुलांचा विचार केला होता. मलबार हिलवर १९५२ मध्ये कमला नेहरू पार्क झालं, त्यातल्या म्हातारीच्या बुटात शिरलं नाही असं मुंबईतलं मूल विरळा. पुण्यात ८ एप्रिल १९५६ ला पेशवे पार्कात फुलराणी धावली. एक छोटीशी रेल्वे, बागेला फेरी मारणारी, आणि तिच्या डब्यात बसलेल्या आजी आज नातवंडांना घेऊन येतात. या गोष्टी कुणी नफ्यासाठी केल्या नव्हत्या. आज आमच्या उपनगरांत टॉवर उभे राहतात, त्यांच्या आत खासगी बाग, खासगी पोहण्याचा तलाव, मुलांची घसरगुंडी, सगळं कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेरच्या मुलांसाठी उरते ती बाग कशी असते, ते मी रोज बघते. दुपारी बारा ते चार कुलूप. म्हणजे डबा घेऊन जेवायला बसावं अशी वेळ येते तेव्हा बाहेर काढतात. हिरवळीवर बसू नका, खाद्यपदार्थ आणू नका, चेंडू खेळू नका, सायकल आणू नका. पाटीवरच्या 'नका' मोजत माझी मोठी मुलगी वाचायला शिकली. पाण्याचा नळ आहे, त्याला पाणी नाही. स्वच्छतागृह आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली माळ्याकडे आणि माळी आज सुट्टीवर.

स्वच्छतागृहाची गोष्ट मी मुद्दाम वाढवून सांगते, कारण पुरुषांनी लिहिलेल्या लेखांत ती येत नाही. घराबाहेर दिवस काढायचा की नाही हे माझ्या घरात पैशांच्याही आधी यावरून ठरतं. आई प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. मधुमेहाच्या बाईने उन्हाळ्यात दिवसभर पाणी न पिणं किती वाईट हे डॉक्टरने त्यांना दहा वेळा सांगितलंय. त्या ऐकतात आणि तरी पीत नाहीत, कारण त्यांना रस्त्याचा अनुभव आहे. मग आम्ही कुठे जातो? मॉलमध्ये. आमच्यासारखी हजारो घरं रविवारी मॉलमध्ये जातात आणि काही विकत घेत नाहीत. कामाच्या ताई मला एकदा म्हणाल्या, "एसीत फिरलो, मुलं सरकत्या जिन्यावर खेळली, बाथरूम स्वच्छ होतं, घरी आलो." मॉलला जाणाऱ्यांना लोक चैनखोर म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्या बिचाऱ्यांना सावली, बसायला जागा, थंड हवा आणि स्वच्छ संडास हवा होता. हे चारही देणं महापालिकेचं काम होतं. ते तिने केलं नाही म्हणून लोक दुकानांच्या मधे फिरतात, आणि दुकानांच्या मधे फिरलं की मूल काहीतरी मागतंच. 'फुकट' मॉलमधून आम्ही कधीच चारशे-पाचशेच्या आत परत आलेलो नाही.

मुंबईत सागरी मार्गालगतचा समुद्रकाठचा फिरण्याचा रस्ता २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी लोकांना खुला झाला, चोवीस तास, मोफत. हे मनापासून चांगलं झालं. असं व्हायला लागलं तर मी हा लेख मागे घ्यायला तयार आहे. पण तिथेही माझे प्रश्न तेच: बस किती जवळ थांबते, सावली कुठे आहे, बाकं किती, आणि बायकांची सोय काय.

"फिरायला जाणं ही चैन आहे, परवडत नसेल तर घरी बसावं", असं मला ओळखीच्या एका गृहस्थांनी सरळ तोंडावर सांगितलं. त्यांच्या काळी सुट्टी म्हणजे आजोळ, विहिरीत पोहणं, आंबे, गावची जत्रा. त्यांचं खरं आहे. त्या सगळ्याला पैसे पडत नव्हते. पण ते आजोळ आता कुणाकडे आहे? माझ्या मुलांचं आजोळ ठाण्यात सहाव्या मजल्यावर आहे. साडेतीनशे-चारशे चौरस फुटांत पाच माणसं आठवड्याचे सातही दिवस राहिली तर काय होतं ते मी सांगते. पोरं मोबाईलमध्ये जातात. नवरा-बायको लहानसहान गोष्टींवरून भांडतात. म्हातारं माणूस आपण अडचण होतोय असं समजून खिडकीपाशी जाऊन बसतं. आणि घरातल्या बाईचा रविवार इतर दिवसांपेक्षा जास्त कामाचा असतो, कारण सगळे घरी असतात. वर्षातून पाच-सहा वेळा सगळ्यांनी मिळून बाहेर जाणं ही माझ्या लेखी पाण्याच्या नळाइतकी साधी गरज आहे.

आणि पैशांची कात्री लागली की पहिलं नाव कुणाचं गळतं? वॉटर पार्कनंतर दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं असा विषय निघाला. मुलं नावं सुचवत होती. आई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही चौघं जा. माझं तिकीट वाचेल." आम्ही कितीही नाही म्हटलं तरी त्यांनी ते मनात पक्कं केलं होतं. महागाईचा आकडा बातमीत टक्क्यांमध्ये येतो. आमच्या घरात तो असा आला.

मग आम्ही दिवाळीत कुठेच गेलो नाही. भाऊबीज झाल्यावर मी आमच्या महापालिकेच्या उद्यान विभागाला एक अर्ज लिहायला बसले. आमच्या प्रभागातली बाग दुपारी बंद करू नका. डबा आणायची परवानगी द्या, हवं तर कचऱ्यासाठी दंड ठेवा, आम्ही भरू. नळाला पाणी आणा. बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली माळ्याच्या खिशात न ठेवता तिथे एका बाईची नेमणूक करा, तिला पगार द्या. रविवारी स्टेशनवरून बागेपर्यंत परिवहनची एक जास्तीची बस सोडा. शेजारपाजारच्या घरांतून फिरून एकेचाळीस सह्या गोळा केल्या. कुणी नाही म्हणालं नाही. दोघींनी तर आत बोलावून चहा दिला आणि आपापल्या बागेची गाऱ्हाणी सांगितली.

शेवटची सही आईंची राहिली होती. त्यांनी चष्मा लावून अर्ज सगळा वाचला, दोनदा वाचला. मग पेन मागून घेतलं आणि माझ्या टाइप केलेल्या मजकुराखाली, थरथरत्या पण सुवाच्य अक्षरात, एक ओळ वाढवली: "बाकांना पाठ असावी. नुसत्या कट्ट्यावर म्हाताऱ्या माणसाला फार वेळ बसवत नाही."